वाटीभर वरण आणि कुप्याची तुकडी

बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो तेव्हा काट्यावर ४६ किलो भरले. आदल्या वर्षी ५५ होते. २०२३ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण मांडी माझ्या दंडाएवढी उरली. ज्या माणसानं खासबागमध्ये चाळीस वर्षं आधी हातमागावर आणि मग पॉवरलूमवर काढली, त्याला पलंगावरून उठायला दोन माणसं लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम माझं होतं, ते झालं. मांसाचं काम आता तुमच्या स्वयंपाकघराचं. रोज थोडं चालवा आणि रोज पन्नासेक ग्रॅम प्रोटीन पोटात जाऊ दे."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पन्नास ग्रॅम म्हटल्यावर घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ज्वारीच्या दोन भाकरी, अकरा-बारा ग्रॅम. वाटीभर वरण, सहा. पेलाभर दूध, सहा. थोडं दही, मूठभर भात. ओढूनताणून तिशीच्या आत. रोज वीस ग्रॅमची तूट! आणि ही बेरीजही बाबांनी ताटातलं सगळं संपवलं तर. ते कुठलं संपवायला? दोन घास झाले की मला म्हणायचे "पुरे" आणि सौ.ला म्हणायचे "साकु". दोन भाषांत नकार द्यायची सोय आमच्या सीमाभागातच.

इथं घरची थोडी ओळख द्यायला हवी. सौ.चं माहेर बैलहोंगल, घर लिंगायत, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी गेलेलं नाही. माझ्या आईचं माहेर वेंगुर्लं. आई होती तोवर परसात तिची वेगळी चूल, वेगळी भांडी आणि रविवारी मासळी. सासू-सुनेनं त्यावरून कधी भांडण केलं नाही. परसाचं दार ही दोघींनी मनातल्या मनात ठरवून टाकलेली सीमा होती. २०१६ साली आई गेली आणि परसातली चूल विझली. मी बाहेर कधीतरी खायचो. बाबांनी मात्र मासळीचं नावच काढलं नाही. त्यांना काय हवं आहे हे आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तूट कुठून भरायची यावर आमच्याकडे चार दिवस चर्चा चालली. मी मासळीचं काढलं. सौ. म्हणाली, "अहो, डाळ वाढवूया की." तिचा मुद्दा साधा होता आणि आकड्यांनी पक्का होता. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन. कच्च्या माशात २४. दोन ग्रॅमसाठी परसात पुन्हा चूल कशाला मांडायची? आमची मुलगी पीयूसीला सायन्स शिकते. तिनं मोबाईलवर एक तक्ता काढून दाखवला. पिवळ्या पराचा ट्यूना, कच्चा असताना १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन आणि शिजवल्यावर २९.

"शिजवल्यावर वाढतं!" मी म्हणालो.

सौ.नं तक्त्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "वाढायला काय झालं? नीर कम्मी आत, अष्टे." पाणी कमी झालं, एवढंच.

वर्षानुवर्षं मी पोरांना निर्देशांकाचा पाया बदलला की आकडा कसा बदलतो ते फळ्यावर शिकवतो. ते माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या आलं, कारण ती रोज पातेल्यात बघते. माशाची तुकडी तव्यावर किंवा रश्श्यात शिजली की आक्रसते, तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. १०० ग्रॅमची ८० ग्रॅमच्या आसपास उरते. प्रोटीन होतं तेवढंच राहिलं, फक्त ते लहान तुकडीत मावलं. डाळीचं नेमकं उलट. ती पाणी पिते, फुगते. १०० ग्रॅम कोरड्या डाळीतले २२ ग्रॅम चार-पाचपट वरणात पसरतात आणि दाट वरणाच्या १०० ग्रॅममध्ये पाचेक ग्रॅम येतात. कच्च्या तक्त्यात शेजारी-शेजारी बसलेले हे दोन आकडे ताटात आले की एक २९ आणि दुसरा ५.

निरोगी माणसाला या फरकाचं काही नाही. तो तीन वाट्या वरण खाईल, वर भाकरी खाईल, आणि डाळीत जे कमी असतं ते भाकरी भरून काढते. पिढ्यान्‌पिढ्या बैलहोंगलची माणसं डाळ-भाकरीवर कुस्त्या खेळली आहेत, हे सौ.नं मला ऐकवलं आणि ते खरंच आहे. पण बाबांचं पोट दोन घासांत भरत होतं. वीस ग्रॅमसाठी त्यांच्यापुढे आणखी तीन वाट्या वरण ठेवणं म्हणजे न खाण्याची सोय करून ठेवणं. तेवढंच प्रोटीन शिजलेल्या माशाच्या सत्तर ग्रॅममध्ये बसतं, म्हणजे तळहाताएवढ्या एका तुकडीत. प्रश्न डाळ मोठी की मासा मोठा हा नव्हताच. बाबांच्या पोटात जागा किती, हा होता.

हे तिला पटलं. "मग परसातली चूल पेटवा," म्हणाली. "पण फ्रिजमध्ये नको हं." मी लगेच हो म्हटलं. या 'हो'ची किंमत पुढे कळली.

आता कुपाच का, ते सांगतो. आपल्या बेळगावला समुद्र नाही, पण मासळीचा दुष्काळही नाही. चोर्ला घाटानं गोव्याची येते, आंबोलीनं वेंगुर्ल्या-मालवणकडची, शिवाय कारवारची. सुरमई-पापलेट लेक्चररच्या पगारात रोज परवडत नाहीत. बांगडा-तारली स्वस्त, पण बाबांची कवळी आणि बांगड्याचे काटे यांचं जमत नाही. कुपा म्हणजे आपला ट्यूना. कोणी त्याला गेदर म्हणतं, मंगळूरकडचे केदर म्हणतात. गलेलठ्ठ अंग, मधला काटा काढला की बाकी मांसच मांस आणि भाव सुरमईच्या निम्म्याहून कमी. पण कुप्याला आपल्याकडे मान नाही. लालभडक मांस बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं, "रक्ताळ आहे" म्हणतं. तोच मासा डब्यात बंद होऊन मॉलच्या फळीवर बसला की 'ट्यूना' होतो आणि आमचा जिमला जाणारा भाचा तो कौतुकानं विकत आणतो. जपानी लोक तर ट्यूनासाठी लिलावात केवढी बोली लावतात ते आपण बातम्यांत वाचतोच. अर्थात तो निळ्या पराचा मोठा ट्यूना. आपल्याकडे येणारा कुपा त्याचा धाकटा भाऊबंद. पौष्टिकतेचे आकडे जातीजातीला थोडे पुढे-मागे होतात, पण घराणं एकच.

शिजलेल्या १०० ग्रॅम पिवळ्या पराच्या ट्यूनात २९ ग्रॅम प्रोटीन, उष्मांक फक्त १३० आणि चरबी एका ग्रॅमच्याही आत. नायसिन आणि सेलेनियम दिवसाच्या गरजेहून जास्त. बी-१२ दिवसाची गरज जवळजवळ भागवेल इतकं. (सौ.ला बी-१२ कमी म्हणून गोळ्या चालू आहेत. हा आकडा मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला नाही. संसार टिकवायचा तर काही तक्ते मनातच वाचावेत.) मात्र कुप्याच्या अंगी नसलेले गुणही लोक त्याला चिकटवतात. चरबीच कमी, त्यामुळे हृदयाला चांगलं म्हणतात ते ओमेगा-३ यात बेताचंच. ते हवं तर तारली-बांगडा बरा. आणि "हाडाला मासा चांगला" म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, तर कुप्याच्या मांसात कॅल्शियम अगदी नावाला. बाबांच्या हाडासाठी सौ.ची नाचणीची आंबील कुप्याच्या कितीतरी पुढे आहे. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. मांसाला कुपा आणि हाडाला आंबील, अशी आमच्या घरी वाटणी झाली. एका ताटात वेंगुर्लं आणि बैलहोंगल.

मी आईसारखा रस्सा केला. ओलं खोबरं, लाल मिरची, तिरफळं, सोलं. काकूंनी सांगितलं होतं, "आधी उकळून ते तांबडं पाणी फेकून द्या, वास जातो." आई कधी फेकायची नाही. ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात. रश्श्यात ती रश्श्याबरोबर पोटात जातात, फेकलं की मोरीत जातात. तिला हे पुस्तकातून ठाऊक नव्हतं. "चव जाते" एवढंच ती म्हणायची. कण्याजवळची काळपट पट्टी लोक काढून टाकतात, त्यात लोह उलट जास्त असतं. आणि कुपा फार वेळ शिजवायचा नाही. चरबी नसल्यामुळे जास्त आच लागली की चोथा होतो. रवा लावून तळला तर आणखीच कोरडा, वर तेल पितो ते वेगळं. रश्श्यात हलकेच शिजवून, कुस्करून, भातात कालवून दिला. बाबा कवळी सांभाळत खात होते. संपल्यावर ताट पुढं सरकवून म्हणाले, "मी खाल्लो की." गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट.

असे दोनेक महिने चांगले गेले. मग एप्रिलमधला तो रविवार आला.

रविवारी खासबागचा बाजार. अकराच्या सुमारास कुपा घेतला. कापडी पिशवीत घातला, पिशवी स्कूटरच्या हँडलला. मग मिरची घेतली, कांदे घेतले, एक जुना विद्यार्थी भेटला, त्याच्याशी रसवंतीत बसून गप्पा झाल्या. घरी पोचायला एक वाजला. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही हे ठरलेलं, म्हणून परसात कट्ट्यावर झाकून ठेवला. दुपारी पेपर तपासत बसलो. चूल पेटवली ती साडेसहाला. वास काही आला नव्हता. रस्सा झकास झाला होता. बाबांनी त्या दिवशी तीन तुकड्या खाल्ल्या. मला केवढं बरं वाटलं!

अर्ध्या तासात बाबांचा चेहरा आणि मान कुंकू फासल्यासारखी लाल झाली. डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली. "जिभेला मिरी चावल्यागत होतंय," म्हणाले. मी एकच तुकडी खाल्ली होती, माझेही कान तापले होते. वय ७८, अंगात त्राण नाही, त्यात छातीत धडधड. मला काही सुचेना. सौ.नं डॉक्टरांना फोन लावला, मुलीनं रिक्षा आणली. बाबांना धरून बसवताना त्यांच्या दंडावर नुकतं कुठं भरलेलं मांस माझ्या हाताला लागत होतं आणि वाटत होतं, हे आपणच दिलं आणि आता आपणच घालवतोय.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, ई.सी.जी. काढला, तो ठीक निघाला. मी म्हटलं, "बाबांना माशाची अ‍ॅलर्जी आहे वाटतं." ते सौ.कडे वळून म्हणाले, "अलर्जी अल्लरी इदु." आणि मग मला विचारायला लागले. कुठला मासा? किती वाजता घेतला? बर्फ होता? किती वेळ बाहेर होता? मी एकेक उत्तर देत गेलो आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. अकरा ते साडेसहा. साडेसात तास, एप्रिलमधल्या उन्हाळ्यात.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. कुपा, बांगडा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं एक अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा थंड नसला की जंतू त्या हिस्टिडिनाचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत आपलंच शरीर जो पदार्थ सोडतं, तोच हा. इथं तो बाहेरून, आयता, ताटातून येतो. म्हणून लक्षणं अ‍ॅलर्जीसारखी. मासा दिसायला ताजा असू शकतो, वासही येत नाही. आणि मुख्य म्हणजे एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. मासा चार अंशांच्या आसपास थंड राहिला तरच ते तयार होणं रोखता येतं.

मी इतके दिवस कुप्याची पौष्टिकता पातेल्यात शोधत होतो. किती शिजवायचा, पाणी फेकायचं की ठेवायचं, तेल किती. त्यातलं काही खोटं नाही. पण वेंगुर्ल्याहून घाट चढून इथवर आलेल्या माशाचं बरंचसं चुलीवर जायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. आपण किनाऱ्यापासून लांबची माणसं. वेंगुर्ल्याच्या बाईनं सकाळी घेतलेला मासा दुपारी रश्श्यात असतो. तिची रीत आपण उचलली, तिच्या घड्याळाचं काय? आईनं इथं कधी असा घोटाळा होऊ दिला नव्हता. ती मासळी घेतली की थेट घरी यायची आणि आल्या-आल्या चूल पेटवायची. लहानपणी आम्हाला तो तिचा उतावीळपणा वाटायचा.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरे झाले. हा त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो, पण म्हाताऱ्या आणि हृदयाच्या माणसाला अंगावर काढू नये. घरी मात्र आठवडाभर कुप्याचं नाव निघालं नाही. मी मनातून ठरवून टाकलं होतं, बंद. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर इतिहासाच्या आमच्या सहकाऱ्यांनी वेगळीच माहिती दिली. मालदीव आणि लक्षद्वीपचे लोक शेकडो वर्षं ट्यूनावरच जगत आले. बर्फ नव्हता, तरी त्यांचा मासा दूरदूर विकायला जायचा. कसा? धरल्याबरोबर उकडायचा, मग धूर द्यायचा, मग उन्हात लाकडासारखा टणक होईतो वाळवायचा. लक्षद्वीपला त्याला मासमिन म्हणतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला गेला, त्यानंही या माशाबद्दल लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्यांनीही पाणीच काढून टाकलं, पण वेळेवर! सौ.चं ते वाक्य मला स्टाफरूममध्ये आठवलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ओट्याशेजारी एक थर्मोकोलचा डबा दिसला. मुलीच्या प्रोजेक्टला आणलेला असेल म्हणून मी विचारलं नाही. सौ.च म्हणाली, "फ्रिजमध्ये नको म्हणाले ते मीच. मग त्याची सोय पण मीच करायला पाहिजे की." डब्यात तळाला बर्फ, वर बर्फ, मधे पिशवी, बाजारात नेताना रिकामा न्यायचा नाही, बर्फ भरूनच न्यायचा. बर्फ स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधला चालेल, मासा त्यात जाणार नाही. बर्फाला सीमा ओलांडायला परवानगी, माशाला नाही. मी माझी चूक तिच्या फ्रिजवर ढकलली नव्हती, निदान तोंडानं तरी नाही. पण तिनं मनाला लावून घेतलं होतं.

आता आमचे नियम ठरले आहेत. कुपा शक्यतो कॅम्पातल्या फिश मार्केटमधून, सकाळी, बर्फावर असलेलाच घ्यायचा. डोळे, कल्ले बघायचे, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही, बर्फावर ठेवायचा. थेट घर. तासाभरात पातेल्यात. उरला तर पुन्हा गरम करून संध्याकाळपर्यंत ओढायचा नाही. एखाद्या रविवारी बर्फाशिवायचा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी पुढं जायचं. आठवड्यातून दोनदाच, बाकीच्या दिवशी परसातल्याच चुलीवर अंडं. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हाही अंडंच. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आमच्या घरचं बघून कुपा सुरू करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनाही विचारूनच. मोठ्या, जुन्या ट्यूनाच्या अंगात पारा साठतो आणि तोही शिजवून जात नाही. आपला कुपा लहान, त्यामुळे त्याच्यात तो कमी. भाच्यालाही सांगितलं आहे, डब्यातला ट्यूना वाईट नाही, पण मीठ किती आहे ते वाच, आणि काटा नसलेल्या त्या डब्याच्या पैशात आपल्याकडे दोन कुपे येतात.

गेल्या महिन्यात बाबांचं वजन ५० भरलं. काठी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात, तिथल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "ऊटा आतेन्री?" विचारतात. यातलं कुप्याचं किती, अंड्याचं किती, आंबिलीचं किती आणि चालण्याचं किती, हे काढायचं साधन माझ्या अर्थशास्त्रात नाही.

डब्यावर सौ.नं मार्करनं कन्नडमध्ये 'मीनु' लिहून ठेवलं होतं, कोणी चुकून त्यात दुसरं काही ठेवू नये म्हणून. मुलीनं खाली मराठीत 'मासे' लिहिलं. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून आपल्या गावात काय काय होतं ते मी सांगायला नको. बाबांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी चष्मा लावून डबा जवळ ओढला, खालची ओळ वाचली, आणि मला विचारलं, "वरती काय लिव्हलंय रे? भाव?"